दुसरी फळी

गावोगावच्या तरुण मंडळांच्या पाट्या वाचत गेलं तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. स्थापनेचं साल ठळक अक्षरांत असतं, शेवटच्या बैठकीचं साल कुठेच नसतं. मंडळ बंद पडलं असं कोणी जाहीर करत नाही. अध्यक्षाचं लग्न होतं, खजिनदार चाकणला कंपनीत लागतो, वर्गणीची वही कुणाच्या तरी माळ्यावर जाते आणि पाटी तेवढी गंजत राहते.

कोल्हार भगवतीपूरसारख्या गावात राबणाऱ्या हातांचा तुटवडा तसा कधीच नव्हता. नवरात्रात भगवतीमातेच्या दर्शनाची रांग लावायची असो, शिर्डीला पायी निघालेल्या पालखीला चहा-नाश्ता द्यायचा असो, की प्रवरेला पाणी आल्यावर काठच्या घरांतली भांडीकुंडी हलवायची असोत, पोरं एका हाकेत जमतात. अडतं ते हाक मारणारा माणूस थकल्यावर. म्हणून आपल्याच जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं) लोकांच्या बळावर उभी राहिलेली कामं पहिल्या पिढीनंतर कशी टिकली, कुठे अडखळली, हे मागे वळून बघावंसं वाटलं. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब आहे.

सुरुवात घराजवळून करू. कोल्हारहून लोणी हाकेच्या अंतरावर. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला. पण पाण्याबरोबर कर्जही आलं, आणि उसाचा पैसा खासगी कारखानदारांकडे जाऊ लागला. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. तिथून पुढे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करू लागले. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात होते. त्यांनी सरकारी बाजू सांभाळली. १९५० च्या अखेरीस कारखान्याची चाकं फिरली.

या गोष्टीतला एक तपशील आपण सहज ओलांडून जातो. भाग विकत फिरले विखे पाटील, पण पहिली सुमारे दहा वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीत बसले गाडगीळ. जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेल्या शेतकऱ्याने स्वतः उभं केलेलं काम पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाती दिलं, कारण बँका, सरकार आणि ताळेबंद ही भाषा त्या माणसाला येत होती. गाडगिळांना शेतकऱ्याचा विश्वास हवा होता, तो विख्यांकडे होता. प्रत्येकाने आपल्याजवळ नसलेली गोष्ट दुसऱ्याकडून घेतली. हल्ली भागीदारी म्हटलं की आधी देणगीदाराचं नाव आठवतं. तेव्हा पैसा मागाहून आला.

पुढे सहकाराने हा भाग पालटून टाकला: रस्ते, शाळा, दवाखाने, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं. नेतृत्वही पिढ्यान्‌पिढ्या चाललं, पण ते घराण्यातून. हे एकट्या लोणीचं नाही. राज्यातल्या बहुतेक साखरपट्ट्याची हीच कथा. घराण्याला नावं ठेवणं सोपं आहे. मला खटकतं ते वेगळंच. ज्या सभासदाने १९४८ च्या सुमारास पदरमोड करून भाग घेतला, त्याचा नातू वार्षिक सभेला कशासाठी जातो? सवलतीची साखर आणि उसाचा भाव, एवढ्यासाठीच. मालक असलेला माणूस हळूहळू गिऱ्हाईक झाला. संस्था टिकली, मोठीही झाली, पण तिच्यातला स्वयंसेवक विरून गेला.

दुसरी गोष्ट जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. कोल्हार ते जामखेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि पावसाच्या हिशेबात तर दुसराच मुलूख. इथे कालवा, तिथे कुसळं. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, पत्नी डॉ. मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरला शिकले आणि १९६२ पासून काही वर्षं नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले. तिथे त्यांना कळून चुकलं की येणारे बहुतेक आजार दवाखान्याबाहेरच रोखता येण्याजोगे आहेत: घाण पाणी, अपुरं अन्न, बाळंतपणातली अस्वच्छता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला, गुरांच्या वापरात नसलेल्या दवाखान्यात, काम सुरू केलं.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरगावची एकटी मुलगी खेड्यात मुक्कामाला राहणार कशी, आणि तिचं ऐकणार कोण? मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी असं ठरलं. निवडल्या गेल्या त्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही टाकलेल्या तर काही विधवा. गावात ज्यांना बोलायची सोय नव्हती, त्यांच्या हाती गावाचं आरोग्य आलं.

डॉक्टर आरोग्याची योजना घेऊन गावात शिरले नाहीत, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ते तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळले. खेळायला सगळ्या जातींची पोरं एका जाळीभोवती आली, खेळ संपल्यावर गप्पा झाल्या, गप्पांतून शेतीचा विषय निघाला आणि त्यातून शेतकरी मंडळं झाली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. बाहेरून आलेल्या धान्यावर मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, तोही सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून. कूपनलिका खणायची वेळ आली तेव्हा जागा बहुतेक दलित वस्तीत निवडली गेली. पाणी हवं असेल तर तिथे जायचं. भाषण कोणी दिलं नाही. हंडा घेऊन रांगेत उभं राहावं लागलं, एवढंच. महिला मंडळं त्यानंतर आली, कारण पुरुषांची मंडळं आपण होऊन बायकांना बोलवत नव्हती.

गावोगावच्या आरोग्य सेविका दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्कामी राहत. वेगवेगळ्या जातींच्या, काही जणी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या जातीच्या बाईशेजारी जेवणाऱ्या. रात्री निजायला त्यांना स्वतंत्र चादरी मिळाल्या नाहीत. एकच भलंमोठं पांघरूण. थंडीत जिने-तिने आपापल्या बाजूला ओढायचं तर शेजारणीशी बोलणं भागच. दिवसा त्या बाळंतपण, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी आणि लहान मुलांची वजनं शिकायच्या. रात्री त्या पांघरुणाखाली काय शिकायच्या, ते कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. मला तरी संस्था उभी राहिली ती तिथेच, असं वाटतं.

त्यांना पगार ठेवला नव्हता. जोडधंद्यासाठी मदत होती. कोणी बांगड्या विकल्या, कोणी शेळ्या पाळल्या. १९७१ च्या सुमारास या गावांत हजारी १७६ बालकं वर्ष पुरं होण्याआधी दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकाधारित आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचं प्रकरण होतं, आणि तीनच वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्यामागे जगातली अशीच मोजकी कामं उभी होती. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. पण मला त्याहून मोठी घटना वाटते ती १९८८ ची. मुक्ताबाई पोळ ही ग्रामआरोग्य सेविका वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलली. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून तिने सांगितलं, ते तुम्ही, आम्ही पणत्या. पण पणतीने पणती लावता येते, असा तिचा मथितार्थ होता.

ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणारे पुष्कळ. तिच्यातली व्यवस्था पाहणारे थोडे. जुनी सेविका नवीला शिकवणार, आणि परदेशातून आलेल्या डॉक्टरांनाही तीच शिकवणार, अशी रीत जामखेडने पाडली. त्यामुळे १९९९ मध्ये मेबलबाई गेल्या आणि २०११ च्या मे महिन्यात रजनीकांत गेले, तेव्हा गावातलं काम थांबलं नाही. संस्थेची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांच्याकडे आली. इथेही घराणंच, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. फरक दुसऱ्या फळीत आहे. वरच्या खुर्चीत कोण बसलं यावर ज्याचं काम अवलंबून नाही असा एक थर खाली तयार होता, आणि तो संस्थापकांच्या हयातीतच, त्यांच्यासमोर बोलायला शिकलेला होता. किशोरवयीन मुलींचे गट सुरू झाले ते या थराचा पुढचा टप्पा म्हणून. सेविकांच्या नातींच्या वयाच्या मुली.

मधल्या काळात जिल्ह्यात आणखी एक धडा गिरवला गेला, आणि तो जरा कोरडा आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला; १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे तिच्या कामाचं नामांकित गाव. या कार्यक्रमात भागीदारीच्या अटी आधीच ठरत: गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, पाणलोट समिती ग्रामसभेने निवडायची, आणि काही वर्षांनी बाहेरची संस्था निघून जायची. नाबार्डचा पैसा या सगळ्यानंतर. संस्था निघून जाणार हे पहिल्याच दिवशी सांगितलं की गाव निम्मं काम आपणहून शिकतं. हिवरे बाजारनेही १९८९ नंतर अशीच बंधनं स्वतःवर घालून घेतली. तिथे मात्र सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या नावाशिवाय गावाचं नाव कोणी घेत नाही. हे कौतुक आहे आणि काळजीही. पाणी फाउंडेशनच्या, गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेबद्दल तर एवढंच: २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत पंचेचाळीस दिवस हजारो लोक उठून बांधावर गेले, सेहेचाळिसाव्या दिवशी कोण उठणार, हे ज्या गावांनी आधीच ठरवलं होतं तिथलं काम टिकलं असणार.

आता जरा अवघड जागेवर येतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत आशा आल्या. गावातलीच बाई, गावाने निवडलेली, पगारी नोकर नव्हे. गडचिरोली, जामखेड यांसारख्या ठिकाणच्या अनुभवांचा त्यात मोठा वाटा. सरकार भागीदार झालं आणि एका तालुक्यातली कल्पना देशभर गेली. स्वयंसेवी संस्थेला यापेक्षा मोठं यश कोणतं? पण आशा होण्याची अट होती किमान आठवी पास. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेक जणी त्या अटीत बसल्याच नसत्या. आणि कामाचा हिशेब झाला नगावर: प्रसूती दवाखान्यात नेली की इतके, लसीकरण पुरं केलं की इतके. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि २०२३ च्या अखेरीस त्याच आशा महाराष्ट्रात मानधनासाठी संपावर होत्या. त्यांचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. सकाळी सर्वेक्षण, दुपारी ऑनलाइन नोंदी, रात्री बाळंतिणीसोबत दवाखाना, एवढं ज्या बाईकडून रोज करून घ्यायचं, तिला स्वयंसेविका म्हणणं ही सरकारची सोय आहे.

म्हणजे ज्या कामासाठी कधीकाळी पांघरूण ओढत निजणाऱ्या बायका तयार झाल्या, त्या कामाला आता मोबदला हवा आहे, आणि तो द्यायलाच हवा. मग स्वयंसेवकाने करायचं तरी काय उरलं?

पुष्कळ उरलं आहे, फक्त त्यासाठी माणसं दुसरीकडे शोधायला हवीत. आमच्या पट्ट्यात पोरं पुण्याला, नाशिकला जातात. शिकून जावीत हीच तर सगळ्यांची इच्छा होती. पण दर लग्नसराईत गावात कोण येतं ते बघा. बी.कॉम., बी.एस्सी., डी.एड. झालेल्या सुना. ‘उमेद’ अभियानाने २०११ पासून बचत गटांच्या समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून अशा शेकडो जणी पुढे आणल्या. त्या गटाचं दप्तर लिहितात, बँकेच्या साहेबाशी बोलतात, चार गावं स्कूटीवरून फिरतात. गाडगिळांनी लोणीला आणलं होतं तेच या आणतात: हिशेब आणि कागद. गावाची ओळख त्यांच्याकडे नसते, ती सासूकडे असते. ही जोडी जिथे जमली तिथे गट चालले.

तरी मंडळाच्या कार्यकारिणीच्या यादीत त्या दिसत नाहीत. नवरात्राची वर्गणी, रक्तदान शिबिर, पालखीचा नाश्ता, सगळीकडे अध्यक्ष तोच, वीस वर्षांपूर्वीचा, आता गुडघेदुखीचा. खजिनदार नेमायची वेळ आली की तो म्हणतो, पोरं तयार नाहीत. घरात सूनबाई बचत गटाचा ताळेबंद जुळवत बसलेली असते. तिला विचारलेलंच नसतं.