तुंबलेले पाणी आणि लेप्टोचा ताप

रस्त्यावर पाणी तुंबले की आठवड्या-दोन आठवड्यांत ओपीडीत ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका असलेले रुग्ण वाढतात. उंदीर-घुशींच्या लघवीतला लेप्टोस्पायरा जंतू त्या पाण्यातून पायाच्या भेगा-जखमांवाटे शरीरात शिरतो. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने याची साथ पाहिली.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. भरतीच्या वेळी त्याही अडतात. म्हणून हिंदमाताचे पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या; भरती ओसरली की ते सोडायचे. चांगलेच झाले. पण सोसायटीच्या आवारातले पाणी मुळात रस्त्यावर का यावे? झाडांच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडा, गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. पेव्हर ब्लॉक सिमेंटवर घट्ट बसवले तर पाणी जिरत नाही, हे कंत्राटदार सांगत नाही!

माझी एकच अट: खड्ड्यातले पाणी दोन-तीन दिवसांत जिरलेच पाहिजे. अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. लेप्टो टाळताना डेंग्यू पोसायला नको.

तोवर, तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी मनाने घेऊ नका. गरोदर महिला आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते.