भिजलेले वायरिंग: काय टिकते, काय बदलावे लागते

घरातल्या विजेच्या तारेवरचे पीव्हीसीचे आवरण पाण्यात बुडाल्याने लगेच खराब होत नाही. बिघडतात ती तारेची टोके, जोड आणि ही टोके ज्यांत कसलेली असतात ती बटणे, सॉकेट, एमसीबी. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पूर ओसरल्यावर कोणी सगळ्या भिंती फोडायला निघतो, तर कोणी दोन दिवस ऊन पडताच मेन चालू करतो.

सुरतेत हा प्रश्न पावसाळ्यागणिक उभा राहू शकतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बराच मोठा भाग बुडाला. तापी पात्रात असतानाही खाड्या फुगून लिंबायत, पर्वत पाटिया भागात पाणी शिरते. लिंबायत-उधना पट्ट्यातल्या खानदेशी वस्तीला हा खाडीपूर चांगलाच ठाऊक आहे. या पाण्यात गटार, गाळ आणि क्षार मिसळलेले असतात. ते वीज सहज वाहून नेते आणि वाळल्यावर धातूवर आपला थर सोडून जाते.

त्यामुळे ‘वाळले की झाले’ हा समज सर्वांत घातक. भिंत वरून कोरडी दिसते, पण आतल्या पाइपात पाणी पुष्कळ दिवस राहते, विशेषतः पाइप जमिनीतून नेलेला असेल किंवा त्याला खाली झोल असेल तर. बहुतारी वायरीत उघड्या टोकातून शिरलेले पाणी बारीक तारांच्या फटींतून आवरणाखाली पुढे सरकते. तिथे तांबे हिरवे पडते, स्क्रूखालची पकड सैल होते, जोड तापू लागतो. मग पूर विसरल्यावर, गीझर किंवा एसी यांच्यासारखा मोठा भार पडताच तो जोड जळतो. आज पंखा फिरतो, एवढ्यावरून वायरिंग ठीक असल्याचे सिद्ध होत नाही ते यामुळेच.

‘गळती असती तर एमसीबी पडला असता’ हेही तितकेच चुकीचे. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांच्यासाठी असतो. १६ अँपिअरचा एमसीबी माणसाचा जीव घेणाऱ्या प्रवाहाची दखलही घेत नाही, कारण तो प्रवाह अँपिअरच्या काही शतांशांएवढाच असतो. ते काम आरसीसीबीचे. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो. पण तोही बुडाला असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. गाळ आत गेलेले एमसीबी, आरसीसीबी, बटणे आणि सॉकेट पुसून, वाळवून पुन्हा बसवू नयेत. बदलणेच बरे, आणि स्वस्तही.

मेन बंद केला म्हणजे घरात वीज उरली नाही, असे मानणारे इन्व्हर्टर विसरतात. बाहेरचा पुरवठा तुटताच तो बॅटरीवर २३० व्होल्ट देऊ लागतो. छतावर सौर पॅनेल असतील तर दिवसा त्यांच्या डीसी तारा जिवंतच असतात. सुरतेत अशी छपरे बरीच आहेत. पाण्यात उभे राहून मेनला हात लावणे तर मुळातच टाळायचे. अशा वेळी वीज कंपनीकडून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा.

राहिला प्रश्न भिंतीतल्या तारांचा. त्याचे उत्तर नजरेने मिळत नाही, टेस्टरनेही नाही. त्यासाठी मेगर लागतो. परवानाधारक वायरमन पुरवठा तोडून, उपकरणे आणि दिवे काढून ठेवून ५०० व्होल्ट डीसीवर प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजतो. तो किमान १ मेगओहम हवा. नुसता काठावर पास होणारा आकडाही शंकास्पदच, कारण चांगल्या वायरिंगमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. रोध कमी आला तर पाइप वाळू देऊन, भिजलेली टोके मागेपर्यंत कापून पुन्हा मोजावे. तरीही सुधारला नाही तर तेवढीच तार ओढून नवी घालावी. अर्थिंगच्या जोडांचीही तपासणी याच वेळी होते, कारण गंज त्यांनाही सोडत नाही.

अपवाद जुन्या घरांचा. लाकडी पट्टीत रबर आणि सुती वेष्टनाच्या तारा असतील, तर ते वेष्टन पाणी शोषते. तिथे मेगर लावत बसू नये. अशा तारा काढूनच टाकाव्यात.