विश्लेषण : ‘डॉग ट्रेनिंग क्लब’मध्ये शिकतो कोण, कुत्रा की मालक?

लिफ्टमध्ये कुत्रा अंगावर आला, फिरायला निघालेल्या आजोबांना पट्ट्याच्या ओढीने पाडले, घरी कोणी नसताना दिवसभर भुंकत राहिला... शहरातल्या गृहसंकुलांच्या बैठकांत हे विषय आता नेहमीचे झाले आहेत. मग घरी ट्रेनर बोलावला जातो. ट्रेनर असेपर्यंत कुत्रा शहाण्यासारखा वागतो, तो गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अमेरिका-ब्रिटनमध्ये मात्र कित्येक दशकांपासून वेगळा मार्ग रुळला आहे. तो म्हणजे गावातला डॉग ट्रेनिंग क्लब. तिथे पट्टा ट्रेनरच्या नव्हे, मालकाच्या हातात असतो. हे क्लब कसे सुरू झाले, तिथे काय चालते आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल?

क्लबची कल्पना आली कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत श्वानप्रशिक्षण म्हणजे कामाचे प्रशिक्षण होते. शिकार, मेंढ्या राखणे, पोलीस किंवा लष्कर यांसाठी कुत्रे तयार केले जात आणि ते काम व्यावसायिक लोक करत. घरच्या कुत्र्याला घरच्याच माणसाने पद्धतशीर शिकवावे, ही कल्पना रुजवण्यात हेलेन व्हाइटहाउस वॉकर यांचा मोठा वाटा आहे. न्यूयॉर्कजवळ त्या स्टँडर्ड पूडल कुत्र्यांची पैदास करत. केस कातरून सजवलेला पूडल म्हणजे नुसता शोभेचा, अशी त्याची टिंगल होई. पूडलला डोके असते हे दाखवून देण्यासाठी वॉकर यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये माउंट किस्को येथे वडिलांच्या जागेत आज्ञापालनाची चाचणी भरवली. ब्रिटनमध्ये अशा चाचण्या आधीपासून होत, त्यांचाच हा नमुना. आठ कुत्रे उतरले आणि सुमारे १५० प्रेक्षक आले.

मालकाच्या पावलाशी पाऊल जुळवून चालणे, हाक मारताच येणे, सांगितलेल्या जागी बसून राहणे, फेकलेली वस्तू आणून देणे आणि अडथळ्यावरून उडी मारणे, असे या चाचण्यांचे स्वरूप होते. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यासाठी नियम मंजूर केले. पुढच्या वर्षी वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांच साँडर्स ट्रेलर जोडलेल्या गाडीतून तीन पूडल घेऊन निघाल्या. सुमारे १० हजार मैलांच्या प्रवासात त्यांनी ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दाखवली. ही चळवळ अशी पसरली आणि गावोगावी मालकांचे क्लब उभे राहिले.

क्लबमध्ये नेमके काय चालते?

बहुतेक क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि अनुभवी सभासदांच्या विनामोबदला कामावर चालतात. भाड्याचा हॉल किंवा मैदान, आठवड्यातून एक दिवस तासाभराचा वर्ग आणि सहा ते आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, अशी साधारण रचना असते. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचा दाखला पाहिला जातो. वर्गात शिकवणारा बहुतांश वेळ माणसांशीच बोलत असतो : पट्टा सैल सोडा, आज्ञा एकदाच द्या, बक्षीस लगेच द्या, आवाज चढवू नका. उरलेला आठवडाभर रोज काही मिनिटे घरी सराव करायचा. खरे शिक्षण तिथेच होते.

वर्गाचा दुसरा फायदा म्हणजे गर्दी. दिवाणखान्यात ‘बस’ म्हटल्यावर बसणारा कुत्रा समोर दुसरा कुत्रा दिसला की सगळे विसरतो. क्लबमध्ये अनोळखी माणसे आणि आठ-दहा अनोळखी कुत्रे यांच्यात शांत राहण्याचा सराव होतो. घरी येणारा ट्रेनर ही परिस्थिती सहज उभी करू शकत नाही.

यात स्पर्धाही असतात का?

असतात, पण त्या ऐच्छिक. अमेरिकेतील आज्ञापालन स्पर्धेत २०० पैकी किमान १७० गुण लागतात आणि प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक. असे यश तीनदा मिळाले की कुत्र्याच्या नावापुढे पदवी लागते. ‘अ‍ॅजिलिटी’ हा त्याहून वेगवान खेळ. उड्या, बोगदे आणि खांबांमधली नागमोडी धाव असे अडथळे कुत्रा ठरलेल्या क्रमाने पार करतो आणि मालक शेजारून धावत केवळ हातवारे व शब्दांनी वाट दाखवतो. १९७८ मध्ये ब्रिटनच्या ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध डॉग शोमध्ये मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून हा प्रकार सादर झाला आणि तिथून जगभर गेला.

सामान्य मालकासाठी मात्र १९८९ मध्ये सुरू झालेली ‘कॅनाइन गुड सिटिझन’ चाचणी अधिक महत्त्वाची. तिच्या दहा पायऱ्या रोजच्या जगण्यातल्या आहेत. अनोळखी माणूस जवळ आला तरी शांत राहणे, हात फिरवू देणे, अंग तपासू देणे, सैल पट्ट्यावर चालणे, गर्दीतून जाणे, बसणे-आडवे होणे आणि तिथेच थांबणे, हाकेला येणे, दुसरा कुत्रा पाहून न बिथरणे, अचानक झालेल्या आवाजाने न गडबडणे आणि मालक दिसेनासा झाल्यावर तीन मिनिटे परक्या माणसाजवळ शांत राहणे. आपल्या सोसायट्यांतल्या बहुतेक तक्रारींची मुळे या यादीत सापडतील.

शिकवण्याची पद्धत बदलली का?

बरीच बदलली. सुरुवातीच्या क्लबांत गळ्यातल्या साखळीला झटका देऊन शिकवत. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या १९६२ च्या पुस्तकाने ही पद्धत घरोघरी नेली. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून वेगळा विचार मांडला. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही. त्याने हवे ते केले की शिटी वाजवून मासा द्यायचा, एवढेच हाती असते. तेच तत्त्व कुत्र्यांसाठी आले : योग्य वागताच छोटा ‘टक’ आवाज आणि लगेच खाऊ. त्याआधी, १९८२ मध्ये पशुवैद्यक इयान डनबार यांनी कॅलिफोर्नियात खास पिल्लांचे वर्ग सुरू केले होते. तोवर कुत्रा सहा महिन्यांचा झाल्यावरच शिकवायचे, असा प्रघात होता. प्रत्यक्षात तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांची आणि जगाची ओळख करून देण्यासाठी सर्वांत मोलाचा मानला जातो.

याला संशोधनाचाही आधार आहे. पोर्तुगालमध्ये सात प्रशिक्षण शाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर असलेल्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि वर्गानंतर लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळीही जास्त वाढलेली आढळली. अमेरिकेतील पशुवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात अशी शिफारस केली. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासूनच बंदी आहे.

पोलिसांच्या श्वानपथकातही असेच असते का?

काम वेगळे, पण सूत्र तेच. मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात हजारो किलो आरडीएक्स शोधून देणारा लॅब्रॉडोर ‘झंजीर’ पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झाला होता. श्वानपथकात कुत्रा एकटा नसतो. त्याच्यासोबत त्याचा हँडलरही तयार केला जातो आणि कुत्र्याने दिलेली खूण ओळखणे हे त्या हँडलरचे काम असते. जोडीतला माणूस कच्चा राहिला तर कुत्र्याचे शिक्षण वाया जाते. क्लबने हेच सूत्र घरापर्यंत आणले.

आपल्याकडे स्थिती काय आहे?

आपल्याकडे केनेल क्लब आहेत, पण त्यांचा मुख्य भर वंशनोंदणी आणि डॉग शोवर असतो. घरच्या कुत्र्यासाठी आठवड्याचा स्वस्त, सामूहिक वर्ग अजून सार्वत्रिक झालेला नाही. ‘डॉग ट्रेनर’ अशी पाटी लावायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे कोण काय पद्धत वापरतो, हे मालकालाच पाहावे लागते.

जबाबदारी मात्र कायद्याने मालकाचीच आहे. पाळीव प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वागणूक हाताबाहेर गेली की कुत्रा रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकारही होतात. प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

जवळ क्लब नसेल तर काय करावे?

चार-पाच घरे एकत्र आली तरी क्लबचे निम्मे काम होते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, मोकळी जागा, सगळ्यांची रेबीजची लस झालेली, पट्टे हातात आणि कुत्र्यांमध्ये पुरेसे अंतर. वरील दहा पायऱ्यांची यादी अभ्यासक्रम म्हणून पुरेशी आहे. पिल्लू लहान असेल तर पशुवैद्यकाला विचारून, लसींचे वेळापत्रक सांभाळून लवकर सुरुवात करावी. कुत्रा चावला असेल किंवा चावण्याच्या बेतात येत असेल, तर गटात न आणता आधी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा, कारण काही वेळा अशा वागण्यामागे दुखणे असते.

ट्रेनर ठेवायचाच असेल तर त्याला तीन प्रश्न विचारावेत : कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? वर्ग आमच्यासमोर घ्याल का? आणि पट्टा आमच्या हातात कधी देणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘पहिल्याच दिवशी’ असे आले, तर निवड बहुधा योग्य आहे.