जुन्या पिकअप गाडीचा टायमिंग बेल्ट केव्हा बदलावा

शेतमाल बाजारात पोहोचविण्यासाठी भाड्याच्या वाहनावर अवलंबून न राहता स्वतःची लहान मालवाहू गाडी बाळगणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या आता बरीच आहे. यांपैकी पुष्कळ गाड्या जुन्या घेतलेल्या व दहा-पंधरा वर्षे राबलेल्या असतात. तेल, टायर आणि ब्रेक यांकडे मालकाचे लक्ष असते, कारण त्यांची झीज डोळ्यांना दिसते किंवा पायाला जाणवते. परंतु इंजिनाच्या तोंडाशी, झाकणाआड फिरणारा एक दातेरी रबरी पट्टा बहुधा विस्मरणात जातो. तो तुटला म्हणजे चालती गाडी क्षणात थांबते आणि पुष्कळदा इंजिनही उघडावे लागते.

या पट्ट्यास गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट म्हणतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी झाली पाहिजे, म्हणजे हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात व मिटतात. हा मेळ पट्ट्याचे दात राखतात. क्रँक मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1,000 वेळा उघडतो, यावरून पट्ट्यावरील कामाची कल्पना यावी. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला असता त्याच्या व झाकणाच्या मध्ये फारच थोडी जागा उरते. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, त्यांच्या नळ्या फुटतात, प्रसंगी पिस्टनही जायबंदी होतो.

सर्वच गाड्यांना असा पट्टा नसतो. कित्येक इंजिनांत हेच काम साखळी किंवा दातेरी चाके करतात, व त्यांना ठरावीक मुदतीने बदलण्याची गरज नसते. 2005 साली आलेली टाटा एस ही दोन सिलिंडरांची डिझेल गाडी मात्र पट्ट्याच्या जातीची होय. आपली गाडी कोणत्या जातीची हे पुस्तिकेवरून कळते. पुस्तिका नसल्यास इंजिनाचे पुढील झाकण पाहावे. साखळीला व चाकांना तेल लागते, म्हणून त्यांचे झाकण जाड धातूचे व तेलबंद असते. पट्ट्याला तेल वर्ज्य असल्यामुळे त्याचे झाकण बहुधा पातळ पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे असते. बाहेरून दिसणारा पंख्याचा पट्टा वेगळा. तो सैल झाला म्हणजे किंचाळतो. टायमिंग बेल्ट बहुधा कोणतीच सूचना देत नाही.

आता मुदतीविषयी. पट्ट्याच्या बहुतेक जुन्या इंजिनांसाठी कारखानदार 60,000 ते 1,00,000 कि.मी. यांमधील एखादा आकडा किंवा चार-पाच वर्षे, यांत जे आधी येईल ते, असे सांगतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, आणि कठीण वापरासाठी निराळा आकडा दिलेला असल्यास तोच धरावा. शेतीवरील गाडीचा वापर कठीणच असतो. हमरस्त्यावर ताशी सरासरी 50 कि.मी. चालणाऱ्या गाडीचे इंजिन 60,000 कि.मी. साठी 1,200 तास फिरते. शिवाररस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरासरी 20 कि.मी. वेगाने चालणाऱ्या गाडीचे इंजिन तेवढ्याच अंतरासाठी 3,000 तास फिरते. काट्यावर रांगेत उभे असताना इंजिन चालू ठेवले तर ते तास मीटरवर मुळीच उमटत नाहीत. त्यातच धूळ आणि उन्हाळ्यातील उष्णता. केवळ मीटरकडे पाहून निश्चिंत राहणाऱ्या मालकाची येथेच फसगत होते.

वर्षांची अटही तितकीच महत्त्वाची आहे. हंगामापुरतीच बाहेर पडणारी गाडी वर्षाला जेमतेम 6,000 कि.मी. चालत असेल, तर 60,000 कि.मी. होण्यास दहा वर्षे लागतील. रबर तोवर वाट पाहत नाही. ते कडक होते व दातांच्या मुळाशी चिरते.

जुनी गाडी विकत घेताना विक्रेता “पट्टा नुकताच बदलला आहे” असे सांगतो. पावती असेल तर ठीक. नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरून चालावे व पहिल्या खेपेपूर्वी तो बदलावा. झाकण काढून पाहणे उपयोगाचे आहे. पाठीवर वा दातांच्या मुळाशी भेगा, उसवलेल्या कडा, तुटका दात, चकाकणारा पृष्ठभाग किंवा तेलाचा ओलावा, यांपैकी काहीही दिसल्यास मुदतीचा विचार न करता तो काढावा. उलट, चांगला दिसणारा पट्टा चांगलाच असतो असे मात्र नाही, कारण त्याचे बळ आतील काचतंतूंच्या दोऱ्यांत असते व ते वरून दिसत नाहीत.

तेल हा पट्ट्याचा मोठा शत्रू. डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून इंजिन धुण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती सोडावी. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यास लावतात तसला चिकट लेप या पट्ट्यास कदापि लावू नये. ऑइल सील गळत असेल तर नवा पट्टा बसविण्यापूर्वी ते बदलून घ्यावे, अन्यथा नवा पट्टाही लवकरच वाया जाईल.

पट्ट्याबरोबर त्याला ताण देणारी पुली व तिचे बेअरिंगही बदलावे. बेअरिंग अडकले तर नव्या पट्ट्याचीही तीच गत होते. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर मजुरी एकच लागते, म्हणून तोही त्याच वेळी पाहून घ्यावा. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. खुणा जुळवून पट्टा चढविल्यावर मिस्त्रीने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या पाहिजेत. मालकाने तेथे उभे राहून हे पाहावे. यात कोणाचा अपमान नाही. नवा पट्टा घडी घालून किंवा पिळून ठेवू नये.

पट्टा भरल्या गाडीत घाटाच्या उतारावर तुटला तर धोका केवळ पैशाचा राहत नाही. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. अशा वेळी ब्रेक पुनःपुन्हा न सोडता एकदाच जोराने दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा व चाकाखाली दगड लावावा. गाडी थांबल्यावर स्टार्टर फिरवून, ढकलून किंवा उतारावर गिअरमध्ये टाकून ती सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक आणखी व्हॉल्व्ह वाकण्याचा संभव असतो. ती ओढून न्यावी, व ओढताना गिअर न्यूट्रलमध्ये असावा.

द्राक्षाच्या भागात जानेवारीपासून गाड्यांना उसंत मिळत नाही, म्हणून तेथे हे काम दिवाळीच्या सुमारास उरकावे. इतरत्र भाडी कमी असतील ते दिवस निवडावेत. पट्टा बदलल्याची तारीख व मीटरचा आकडा बॉनेटच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत गाड्यांच्या मालकांना हे दोन आकडे विचारावेत, आणि ज्यांना ते सांगता येणार नाहीत त्यांच्या गाडीचे झाकण त्याच आठवड्यात उघडवून घ्यावे.