बायकांसाठी डोंगरी सायकल

जाड टायरची, गियरची सायकल आता आपल्या बाजारातही दिसते. ही सायकल मूळची डोंगरातली. तिचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाला. तिथे टॅमलपाईस नावाचा डोंगर आहे. १९७६ साली तिथली काही मंडळी जुन्या, जड सायकली घेऊन उतारावर शर्यती लावू लागली. त्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे दाबून लागे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे! मग पुन्हा ग्रीस भरायचे आणि पुन्हा वर चढायचे. १९७७ साली जो ब्रीझ यांनी डोंगरासाठीच मजबूत सांगाडा बनवला.

या मंडळींत बायकाही होत्या. पुढे जॅकी फेलन यांनी बायकांची राष्ट्रीय शर्यत लागोपाठ तीन वर्षे जिंकली, १९८३ ते १९८५. १९८७ साली त्यांनी डोंगरी सायकल चालवणाऱ्या बायकांचे मंडळही काढले.

पण सायकली बनत पुरुषांच्या मापाच्या. ठेंगण्या बाईला हँडल लांब पडे. ती ओणवी होऊन चालवी. मान, खांदे, मनगटे भरून येत. तिला वाटे, आपल्याला हे जमायचं नाही. पण दुसऱ्याच्या वहाणा घालून डोंगर कोण चढेल? जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी हे ओळखले. १९८५ साली त्यांनी बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली. त्या सायकली सडकेवरच्या होत्या. पुढचे चाक लहान करून त्यांनी हँडल जवळ आणले.

डोंगरी सायकलीतही मग असे बदल झाले. मधला दांडा खाली झुकवला, म्हणजे उतरताना पाय अडकत नाही. सीट मागे रुंद केली. ब्रेकची मूठ लहान बोटांना पोचेल अशी जवळ आणली. पुढच्या चाकाला धक्का सोसणाऱ्या दोन नळ्या असतात. पुष्कळ सायकलींत त्यांत हवा भरलेली असते. हवा जास्त असेल तर हलक्या बाईच्या वजनाने त्या दबतच नाहीत, सगळा धक्का हाताला बसतो. म्हणून हवा वजन बघून भरायची.

आता चालवायचे कसे? चढ लागण्याआधीच हलका गियर टाकावा. चढावर सीटवर बसून थोडे पुढे वाकावे. उतारावर मात्र सीटवरून उठायचं. दोन्ही पायडले सारख्या उंचीवर ठेवायची. गुडघे, कोपरे वाकवून अंग मागे घ्यायचं. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. पुढचा एकटाच करकचून दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. नजर चाकाखालच्या दगडावर नको, वाट जिथे जाते तिथे हवी.

आता काही कंपन्यांनी बायकांचा वेगळा सांगाडा बनवणे सोडले आहे. त्या लहान-मोठी अनेक मापे ठेवतात. आम्हाला हे बरे वाटते. साऱ्या बायका काही एका मापाच्या नसतात! काही दुकानदार नुसता गुलाबी रंग दाखवून ‘लेडीज’ म्हणतात, त्याला भुलू नये. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहावे. टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात, आणि दांडा व अंग यांच्यामध्ये चार बोटे तरी जागा हवी. मग सीटवर बसून ब्रेकपर्यंत बोटे पोचतात का, ते बघावे आणि नंतरच पैसे द्यावेत.