विश्लेषण : लहान घराच्या भिंतीवर स्टिकर लावताय? पावसाळ्याआधी ‘फॉइल चाचणी’ करून बघा

दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये मी विटांच्या नक्षीचे स्टिकर मागवले होते. पाकिटावर हिरवं पान छापलेलं, खाली ‘इको-फ्रेंडली’. दोन तासांत माझ्या वन आरकेची एक भिंत लाल झाली, फोटो काढून झाले, कौतुकही झालं. जुलै संपत आला तसा खोलीत ओल्या फडक्यासारखा वास येऊ लागला. ऑगस्टमध्ये स्टिकरचा एक कोपरा सुटला. तो ओढला तर मागे काळी बुरशी, आणि स्टिकरबरोबर पुट्टीचे पोपडेही हातात आले. दुरुस्तीचे पैसे घरमालकांनी माझ्याकडून घेतले. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

‘लहान घराची सजावट’ असं मोबाइलवर शोधलं की हेच समोर येतं: स्टिकर, प्लास्टिकच्या वेली, एलईडीच्या पट्ट्या, आणि सगळ्यांवर ते हिरवं पान. यातलं पर्यावरणपूरक नेमकं किती? कमी जागेत, कमी खर्चात आणि कचरा न वाढवता घर रंगीत करता येतं का? येतं. पण सुरुवात खरेदीपासून न करता भिंतीपासून करावी लागते.

लहान घरात भिंतच का महत्त्वाची?

मुंबईतली लहान घरं म्हणजे किती लहान? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर मिळतं. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी 225, मग 269 आणि आता 300 चौरस फूट. पुण्या-ठाण्यातल्या भाड्याच्या वन आरकेही साधारण याच मापाच्या.

आता एक सोपा हिशेब. खोली 10 बाय 12 फूट, उंची 9 फूट. जमीन भरते 120 चौरस फूट. चारही भिंतींचं क्षेत्रफळ मात्र 396 चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या तिपटीहून जास्त (दारं-खिडक्या वजा केल्या तरी फार फरक पडत नाही). जमिनीवर ठेवलेली प्रत्येक वस्तू चालायची जागा खाते, भिंतीवरचा रंग खात नाही. म्हणून रंगासाठी भिंतीकडे वळणं बरोबरच आहे. चूक होते ती भिंतीला काय चिकटवायचं, यात.

स्टिकरमागे बुरशी येते कशी?

बाजारातले बहुतेक स्वस्त स्टिकर पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीतून वाफ जवळजवळ आरपार जात नाही. आपल्या भिंती मात्र विटा, वाळू आणि सिमेंटच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या. पावसात बाहेरच्या तड्यांतून किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी भिंतीत शिरतं आणि हळूहळू आतल्या बाजूने वाळतं. त्या वाळण्याच्या वाटेवरच आपण प्लास्टिक ताणून बसवतो. मागे ओल साचते, चिकटवलेल्या गोंदावर आणि धुळीवर बुरशीला खायला मिळतं. तिचे बीजाणू हवेत मिसळले की दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास वाढतो. एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास होत असेल तर उठून दुसरीकडे जायची सोयही नसते.

काढलेल्या स्टिकरचं पुढे काय, हा वेगळाच प्रश्न. गोंद आणि चुनखडी लागलेलं पीव्हीसी भंगारवाला घेत नाही. मी विचारून पाहिलं, त्याने पिशवीत डोकावून हात जोडले.

म्हणून आधी चाचणी. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा साधारण फूटभर चौकोन कापा, भिंतीवर ठेवा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद करा. एक-दोन दिवसांनी काढून बघा. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. त्यावर रंग, स्टिकर, वॉलपेपर काहीही लावण्याआधी गळती बंद करायला हवी. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर दोष भिंतीचा नाही, खोलीतल्या दमट हवेचा आहे. स्वयंपाकाची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे ही त्याची नेहमीची कारणं. तिथे खिडकी, एक्झॉस्ट पंखा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं एवढ्यानेही फरक पडतो. भर उन्हाळ्यात ही चाचणी फसवी ठरू शकते, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा करा.

मग रंग कोणता द्यायचा?

सगळ्यात जुना पर्याय चुन्याचा. नीळ घातलेली चुन्याची सफेदी आपल्यातल्या अनेकांनी गावच्या घरी पाहिलेली असते. विरलेला चुना भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. त्याचा थर वाफ अडवत नाही. शिवाय ताजा चुना इतका अल्कलीयुक्त असतो की बुरशीला तिथे सहज जम बसवता येत नाही. यालाही एक ‘पण’ आहे: भट्टीत चुना भाजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे हा पर्यायही शून्य प्रदूषणाचा नाही.

चुन्यात रंग हवा असेल तर खनिज रंग वापरा. निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी पिवडी, तांबड्यासाठी काव. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं याच काव आणि चुन्याच्या जोडीतून आली आहेत. हळद मात्र घालू नका. हळद चुन्यात लाल होते, कुंकू तसंच तर तयार होतं. आणि उन्हात तो रंग टिकतही नाही.

शहरी फ्लॅटमध्ये चुन्याची अडचण अशी, की आधीच्या प्लास्टिक पेंटवर किंवा ऑइल पेंटवर तो धरत नाही, पोपडे सुटतात. टेकून बसलं तर कपड्यांनाही लागतो. अशा ठिकाणी पाण्यात मिसळणारा, कमी व्हीओसीचा इमल्शन रंग घ्या. व्हीओसी म्हणजे रंग वाळताना हवेत उडणारी रसायनं. थिनर किंवा टर्पेंटाइन लागणाऱ्या ऑइल पेंटमध्ये ती बरीच जास्त असतात. संपूर्ण खोली रंगवायची गरज नसते. दार उघडल्यावर समोर दिसणारी एक 12 फुटी भिंत 108 चौरस फूट भरते. तेवढीच गडद करा, बाकीच्या फिक्या ठेवा. फिक्या भिंती उजेड परत फेकतात, त्यामुळे दिवसा दिवा उशिरा लागतो. डबा घेताना त्यावर छापलेलं ‘किती चौरस फूट’ वाचा आणि तेवढाच घ्या. उरलेला रंग मोरीत ओतू नका. घट्ट झाकण लावलेला इमल्शन पुढे डाग झाकायला उपयोगी पडतो.

जुना रंग घासताना सावध का राहायचं?

हा भाग घाईत असाल तरी वाचा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या इमारतींमधल्या दारांवर, खिडक्यांवर, ग्रिलवर असलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. तो कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, आणि जमिनीवर रांगणाऱ्या मुलाचे हात थेट तोंडात जातात. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. म्हणून पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नका, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

रंगासाठी विकत काय घ्यायचं?

माझं मत विचाराल तर जवळजवळ काही नाही. रंगाचा सगळ्यात मोठा साठा आईच्या कपाटात असतो. सहावारी साडी म्हणजे सुमारे 18 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद कापड. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे केले की चार फुटी खिडकीला दोन तुकड्यांचा चुण्या पडणारा पडदा होतो, काठ उभे येतात आणि तिसऱ्यातून उशांचे अभ्रे निघतात. शिंप्याची शिलाई सोडली तर खर्च नाही. सुती साडी उजेड छान गाळते, पण पावसाळ्यात दमट होते. सिंथेटिक लवकर वाळते, पण गॅसजवळच्या खिडकीला ती अजिबात नको, कारण आग लागली तर वितळून अंगाला चिकटते.

विरलेल्या साड्यांचं काय करायचं, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलेलं आहे: गोधडी. तीन-चार थर, वरून धावदोरा, कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी. दिवाणावर टाकली की खोलीतला सगळ्यात रंगीत भाग तोच होतो. माझ्या आईने गोधडी आणून दिली तेव्हा मी ती भिंतीवर टांगायला निघाले होते. “अगं, ओल्या भिंतीला लावून तिचीही वाट लावशील,” असं म्हणून तिने ती दिवाणावर अंथरली. ते बरंच झालं.

दुसरी वस्तू, घरातलं राखाडी लोखंडी कपाट. ते टाकून एमडीएफचं नवं आणण्याचा मोह होतो. पण एमडीएफ ओलीने फुगतं आणि एकदा फुगलं की दुरुस्त होत नाही. लोखंडी कपाट ओल्या पॉलिश पेपरने घासून, पुसून, पूर्ण वाळवून, रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर हळदी पिवळा किंवा मोरपंखी इनॅमल दिला की ते आणखी बरीच वर्षं चालतं. इनॅमल थिनरवाला असतो, त्यामुळे हे काम गच्चीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्ये करा.

घरातल्या झाडांनी हवा शुद्ध होते का?

दिसायला छान, पण हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली झाडं घेऊ नका. हा समज मुख्यतः नासाच्या 1989 च्या अभ्यासावरून पसरला. ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. इमारतीत नेहमी खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. आपली 10 बाय 12 ची खोली 11 चौरस मीटरची, म्हणजे किमान 110 कुंड्या. त्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी.

हिरवा रंग हवा म्हणून मनी प्लांट जरूर लावा, रिकाम्या बरणीतही वाढतो. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात. त्याची पानं मुलांनी किंवा मांजराने चावली तर तोंडाची आग होते, तेव्हा बरणी उंचावर ठेवा. ग्रिलवरच्या कुंड्या तारेने बांधा.

बल्ब बदलून रंग बदलतो?

हो, आणि हे सगळ्यात स्वस्त काम आहे. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 चा पांढरा-निळसर उजेड पिवळ्या-तांबड्या रंगांना फिकं करतो. 3000 च्या आसपासचा उबदार उजेड त्यांना खुलवतो. अभ्यासाच्या टेबलावर 4000 चालतो. पुढच्या वेळी बल्ब गेला की एवढं बघून घ्या, चालू बल्ब त्यासाठी फेकू नका.

गणपतीच्या सजावटीचं काय?

सजावटीसाठी थर्माकोल राज्यात 2018 च्या प्लास्टिकबंदीतच आलं आणि 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालं. तरी दुसऱ्या नावाने फोमचे मखर दिसतातच. लहान घरात खरी अडचण पुढची असते: दहा दिवसांनी तो मखर ठेवायचा कुठे? लाकडी घडीची चौकट आणि मागे जरीकाठाची साडी, हे पुन्हा कपाटात घडी होऊन जातं. दरवर्षी साडी वेगळी.

भाड्याच्या घरात काय करता येतं?

घर ताब्यात घेतानाच प्रत्येक भिंतीचे तारीख दिसणारे फोटो काढा आणि घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. एक भिंत रंगवायची असेल तर आधी विचारा आणि होकार लेखी घ्या. चिकटवण्यापेक्षा टांगणं सोयीचं. दोन खिळे, एक सुतळी, चिमटे, आणि भिंतीपासून दोन बोटं अंतर राहील अशी चित्रं.

मी यंदा जूनमध्ये माझ्या त्याच भिंतीवर फॉइल लावलं. दोन दिवसांनी मागच्या बाजूला थेंब होते. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला आहे, प्लंबर बघून गेला आहे, पैसे कोण देणार यावर गाडी अडली आहे. तोवर ती भिंत उघडीच आहे. शेजारच्या कोरड्या भिंतीला पिवळा रंग दिला, एक लिटर पुरला.