जपानचे वार्तापत्र : शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काय विचारावे?

शस्त्रक्रियेनंतर जखम, ताप, रक्तदाब यांची नोंद केसपेपरवर होते. रुग्णाला स्वतःला कितपत बरे वाटते, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. त्यासाठी मेलबर्नचे भूलतज्ज्ञ पॉल माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'क्यूओआर-४०' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना, शारीरिक आराम, मनःस्थिती, आधार आणि स्वावलंबन यांवर चाळीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. २०१३ मध्ये पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. चाळीस प्रश्नांच्या जपानी रूपाची पडताळणी नारा वैद्यकीय विद्यापीठाच्या भूलतज्ज्ञांनी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

अशा कामाची रीत ठरलेली आहे. आधी भाषांतर, मग मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग दोन्हींची ताडणी. त्यानंतर मोजक्या रुग्णांना प्रश्न वाचायला देऊन त्यांना काय समजले ते विचारतात. शेवटी रुग्णांकडून प्रश्नावली थोड्या अंतराने दोनदा भरून घेतात. प्रकृती तीच असताना गुण फार बदलले, तर मोजमाप भरवशाचे नाही.

जपानमध्ये खरी कसोटी पुढे लागते. दुखणे बोलून न दाखवता सोसणे तिथे सद्‌गुण मानले जाते, आणि पर्यायांपैकी मधला निवडण्याकडे कल असतो. 'आनंदी वाटते का' अशा प्रश्नांना तिथली निरोगी माणसेही अमेरिकेतल्यांपेक्षा कमी गुण देतात, हे नैराश्याच्या प्रश्नावल्यांत दिसून आले आहे. म्हणून जपानी रुग्णाचे गुण ऑस्ट्रेलियन रुग्णाशी ताडून पाहणे फसवे. त्याच रुग्णाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या गुणांशी केलेली तुलनाच उपयोगाची. शिवाय तिथे रुग्णालयातला मुक्काम लांब असतो. खाटेवरच असलेल्या माणसाला 'कामावर परतता येईल का' हे विचारून फारसे हाती लागत नाही.

हीच प्रश्नावली नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात वापरायची म्हटली, तर अडचण वेगळी आहे. चाळीस प्रश्नांत 'लिहिता येते का' असा एक प्रश्न आहे. जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाला लिहिता येते, त्यामुळे त्यातून हातातली ताकद कळते. सुरगाण्याच्या पाड्यावरची कधी शाळेत न गेलेली आजी 'नाही' म्हणेल, आणि तिचे गुण शस्त्रक्रियेशी संबंध नसताना कमी होतील. तिथे भाकर थापता येते का, हे विचारणे अधिक नेमके. 'नेहमीचे काम' म्हणजे तिथे भाताची आवणी, नागलीची शेती, डोक्यावरून पाणी आणणे, आणि पावसाळ्यानंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतली मजुरी. टाके ओले असताना हंडा उचलता येतो का, हे नाव घेऊन विचारले पाहिजे.

मराठीत असे काम अगदीच नवे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करुग्णांच्या जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली हिंदी-मराठीत वापरून तपासली गेली आहे. पण सुरगाण्यात छापील प्रमाण मराठी पुरणार नाही. तिथे कोकणा बोलीत, परिचारिकेने किंवा आशाताईने तोंडी विचारायचे प्रश्न हवेत, आणि उत्तरासाठी आकड्यांऐवजी चेहऱ्यांची चित्रे. तोंडी विचारलेल्या प्रश्नांचीही जपानी प्रश्नावलीइतकीच कसून पडताळणी करावी लागेल, कारण विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून 'बरं आहे' म्हणणारे रुग्ण सुरगाण्यातही पुष्कळ.